पुण्याच्या थंडीत गळाच्या माश्या कोण कोण बांधतं?

मुठाकाठ | ८ डिसेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

थंडी चांगलीच पडलीये आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग नेहमीप्रमाणे पिसं, दोरे, गळ यांनी भरलाय. गळाच्या माश्या म्हणजे फ्लाय फिशिंगच्या माश्या. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गळाच्या दांड्यावर दोरा गुंडाळत गुंडाळत त्यात पिसं, लोकर, केस, तांब्याची तार असं काय काय बांधायचं आणि किड्यासारखं नाहीतर छोट्या माशासारखं दिसणारं आमिष तयार करायचं. त्याला वजन जवळजवळ नसतंच त्यामुळे साध्या तंगुसावर ते लांब जात नाही, यात दोरीच जाड आणि जड असते आणि फेक तिच्या वजनावर होते.

मी हे चार वर्षं करतोय. गेल्या वर्षीपासून बाबाही माझ्याबरोबर बसतात, वय ७४, आयुष्यभर शिंपीकाम केलंय. मासे धरण्यात त्यांना अजिबात रस नाही पण समोर दोरा दिसला की त्यांचे हात थांबत नाहीत. मी ऑफिसहून येईपर्यंत त्यांनी गळ आकाराप्रमाणे लावून ठेवलेले असतात. संध्याकाळचे हे दोन तास मला फार मोलाचे वाटतात.

आता प्रश्न. आम्ही काळी 'वुली बगर' नावाची माशी बांधतो, ८ नंबरच्या गळावर. मागे मॅराबूची (मऊ, भुरभुरीत पिसांची) शेपूट, अंगाला शेनील (जाडसर, लवदार) दोरा, त्यावरून कोंबड्याचं पीस वेटोळं घालत पुढे आणायचं. पिसं गावरान कोंबड्याची, चिकनवाल्याकडून आणलेली. पण गुंडाळताना पिसाचा कणाच मधे मोडतो, दहातली चार तरी वाया जातात. आणि जे मोडत नाही ते दोन मासे लागले की सुटून लोंबायला लागतं. तारही मारतो वरून, तरी तेच. कुठे माशी शिंकतेय कळत नाही. पुण्यात अजून कोणी बांधतं का? आणि थंडीतच बांधता की वर्षभर?

---

निवांत | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

लोक बसून माश्या मारतात, तुम्ही बसून माश्या बांधता! धागा आवडला. मला यातलं काही येत नाही पण वाचत राहणार.

---

पिसारा | ८ डिसेंबर, रात्री ११:३०

मी बांधते, कोथरूडला असते, नऊ वर्षं झाली. पिसांबद्दल आधी.

दुकानात बहुतेक बॉयलर कोंबडी असते आणि ती सहा आठवड्यांच्या आसपास कापली जाते, तिची पिसं वाढलेलीच नसतात, मऊ आणि आखूड. त्यामुळे तुम्ही गावरान घेतलंत ते बरोबरच. पण गावरानमध्येही कोंबडा पूर्ण वाढलेला हवा, वर्षाच्या पुढचा. मानेची पिसं आणि पाठीवरून शेपटाकडे उतरणारी लांब पिसं वेगवेगळी असतात, वुली बगरला ती पाठीवरची घ्या. लांब असतात, कणा बारीक आणि लवचिक असतो. मानेच्या पिसाचा कणा बुडाशी जाड असतो, तोच तुमचा मोडत असणार.

आणल्यावर कोमट पाण्यात साध्या शांपूने धुवायची, वर्तमानपत्रावर सावलीत वाळवायची, मग झिप पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये. हे फार महत्त्वाचं. पिसं खाणारे किडे एकदा डब्यात शिरले की वर्षाची जमवाजमव पावडर होते, माझं एकदा झालंय. सगळा डबा फेकताना डोळ्यात पाणी आलं होतं.

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

---

देशावरचा | ९ डिसेंबर, सकाळी ७:१०

थंडीत बांधायची ही पद्धत बाहेरच्या देशांतली आहे हो. तिकडे नद्या गोठतात, हंगाम बंद असतो, म्हणून लोक शेकोटीजवळ बसून बांधतात. आपल्याकडे बंद काळ म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर नदी गढूळ, धरणातून सोडलेलं पाणी, काठावर जाणं धोक्याचं. तेव्हा बांधा की! डिसेंबरात पाणी स्वच्छ असतं, तेव्हा घरात कशाला बसायचं?

---

पिसारा | ९ डिसेंबर, सकाळी ९:०५

@देशावरचा, मुद्दा पटतो पण पावसाळ्यात बांधून बघा एकदा. हवा इतकी दमट की माशीच्या डोक्यावर लावलेलं लॅकर वाळता वाळत नाही आणि वाळलंच तर पांढरट पडतं. डब्यातल्या गळांना गंज, पिसांना बुरशी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याची हवा कोरडी, लॅकर अर्ध्या तासात काचेसारखं. मी तर या चार महिन्यांतच सगळं उरकते.

---

तीर्थन_वेडा | ९ डिसेंबर, दुपारी १:२०

माझं कारण वेगळं आहे. मी दर मार्चमध्ये हिमाचलला ट्राउटसाठी जातो. ट्राउट थंडीत अंडी घालतात म्हणून तिथे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. म्हणजे हे चार महिने तयारीचेच. १४ आणि १६ नंबरच्या फेझंट टेल निंफ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी माशी) बांधतो, साधारण साठेक. (नवीन लोकांसाठी, नंबर जितका मोठा तितका गळ लहान. आणि १ नंतर उलटं सुरू होतं, १/०, २/० असे मोठे होत जातात.)

ही माशी फ्रँक सॉयर नावाच्या माणसाची. इंग्लंडात एव्हन नदीची राखण करायचा. त्याने दोरा वापरलाच नाही, सगळं बारीक तांब्याच्या तारेने बांधलं, तीच तार वजनही देते आणि अंगाला लालसर झाकही. दोनच वस्तू, पीस आणि तार. मी शेकडो बांधल्यात पण अजून प्रत्येक वेळी वाटतं की यातून काढायला काही उरलंच नाही.

तार मी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून घेतो, जुन्या कॉइलची. किलोवर देतात, पन्नास ग्रॅम आयुष्यभर पुरते.

---

बोहरी_आळी_फॅन | ९ डिसेंबर, रात्री ९:४५

सामानाचा विषय निघालाच आहे तर, इम्पोर्टेड किट घ्यायच्या आधी पेठांत एक चक्कर मारा. रविवार पेठेत मणी, जरी, चमकी, सगळ्या जाडीचे दोरे मिळतात. माशीच्या डोक्यासाठी लागणारा पितळी मणी तिथे शेकड्याने मिळतो, फक्त भोक गळावरून सरकतंय ना ते गळ खिशात घेऊन जाऊन बघायचं. बक्टेल म्हणून हरणाच्या शेपटीचे केस वापरतात त्याऐवजी मी शेळीचे केस वापरतो, रंग चांगला धरतात. आणि डिसेंबरात कॅम्पात ख्रिसमसच्या झुरमुळ्या येतात ना, त्यातली बारीक चंदेरी घेऊन ठेवायची, क्लाउझर मिनो म्हणून छोट्या माशासारखी माशी असते, तिला मस्त चमक येते. पारदर्शक नेलपॉलिश तर आहेच.

---

अवनी_प | १० डिसेंबर, सकाळी ११:००

दोऱ्यावरून सुचलं, संक्रांत जवळ आली की नायलॉनचा मांजा मिळतो, बारीक आणि मजबूत असतो, तो चालेल का बांधायला?

---

पिसारा | १० डिसेंबर, सकाळी ११:२५

नको नको! त्यावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे. त्याने दरवर्षी पक्षी कापले जातात, माणसांचे गळे कापलेत. विकत घेतला की विकणाऱ्याला बळ मिळतं. साधा पॉलिएस्टर शिवणदोरा घ्या, सर्वात बारीक, मोठ्या गळांना छान चालतो.

---

अवनी_प | १० डिसेंबर, सकाळी ११:३२

अरे बापरे, माहीत होतं पण डोक्यात आलं नाही. सॉरी. शिवणदोराच घेते.

---

सदाशिव | १० डिसेंबर, दुपारी ४:००

मी मासे खात नाही आणि धरतही नाही, पण एक मनापासून प्रश्न आहे, वाद घालायचा म्हणून नाही. तुम्ही बहुतेक जण मासा धरून परत सोडता असं दिसतंय. मग खायचाही नाही तर त्या जिवाला त्रास कशाला?

---

तीर्थन_वेडा | १० डिसेंबर, रात्री ८:५०

@सदाशिव, प्रश्न योग्य आहे आणि मी टाळणार नाही. त्रास होतो, नाही असं म्हणणं खोटं. तो कमी करता येतो. गळाला उलटा काटा असतो तो मी माशी बांधायच्या आधीच पकडीने दाबून सपाट करतो, मग गळ अलगद निघतो. हात ओले करूनच मासा धरायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर म्हणजे त्याचं संरक्षण असतं. शक्यतो पाण्यातच सोडवायचा. आणि भर उन्हाळ्यात पाणी तापलेलं असताना मासेमारी करायचीच नाही, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा सावरत नाही.

एवढं करूनही तुम्हाला पटणार नाही कदाचित, ते मी समजू शकतो.

---

सदाशिव | १० डिसेंबर, रात्री ९:३०

पूर्ण पटलं नाही, पण सरळ उत्तर दिलंत म्हणून आभार. माश्या बांधण्याची कला मात्र बघायला आवडेल. फोटो टाका की कोणीतरी.

---

कातळ | ११ डिसेंबर, सकाळी ८:१५

पिसांवरून एक सांगतो, जरा गंभीर आहे. सॅमन मासा धरायच्या जुन्या माश्यांमध्ये 'जंगल कॉक' नावाचं पीस असतं, टोकाला मेणासारखा चकचकीत पिवळसर ठिपका असलेलं. ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. इंग्रजांच्या काळात इथून मानाच्या माना तिकडे जात. भीमाशंकरच्या बाजूला पहाटे ओरडतो ना, तोच हा. तो संरक्षित आहे, त्याची शिकार हा गुन्हा आहे. कोणी गावात "रानकोंबड्याचं पीस देतो" म्हणालं तर घेऊ नका. तो ठिपका रंगवलेल्या साध्या पिसाने होतो, बारीक ब्रश आणि नेलपॉलिश, माशाला फरक कळत नाही.

मोराचं पीसही लागतं अंगासाठी. गळून पडलेली मोरपिसं देशात बाळगायला आणि विकायला कायद्यात सूट आहे, पण परदेशी पाठवायला बंदी. म्हणजे मोरपीस घातलेली माशी अमेरिकेतल्या मित्राला पोस्टाने पाठवू नका.

पिसांच्या हव्यासाचं टोक म्हणजे २००९ ची ट्रिंगची चोरी. इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या म्युझियममधून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली, चोर होता सॅमन माश्या बांधणारा एक विद्यार्थी. त्यातले काही पक्षी तर वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने स्वतः गोळा केलेले, दीडशे वर्षांपूर्वीचे. संशोधकांसाठी ठेवलेला ठेवा एका छंदापायी विस्कटला. बऱ्याच कातड्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या, आणि चिठ्ठी गेली की तो पक्षी कुठला, कधीचा, काही सांगता येत नाही. वाचलं तेव्हा दोन दिवस मी व्हाइसला (बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्याला) हात लावला नाही.

---

निवांत | ११ डिसेंबर, सकाळी ८:४०

बाप रे. हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

देशावरचा | ११ डिसेंबर, रात्री १०:१०

थोडं विषयांतर, पण पुणेकरांना हे माहीत असायला हवं. आपला महाशीर मासा, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, त्याचं शास्त्रीय वर्णन १८३९ चं आहे, साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं, आणि त्याला मिळालेला नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतलाच. 'खुद्री' हे नावही त्याने इथल्या लोकांच्या तोंडून उचललं. आज त्याच नदीकडे संगमावरून बघवत नाही.

हाच मासा १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाजवळच्या केंद्रात पैदास करून वाढवतात आणि पिल्लं इतर राज्यांतही सोडली गेली. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. कावेरीत तो सोडल्यावर तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महाशीरची जागा त्याने घेतली असं अभ्यासक म्हणतात, आणि तो कुबडवाला आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. चांगल्या हेतूने मासे इकडून तिकडे नेतानाही शंभर वेळा विचार करायला हवा.

आणि देहूच्या इंद्रायणीतले महाशीर देवाचे मासे आहेत, तिथे कोणीही दोरी टाकत नाही, टाकूही नये.

---

मुठाकाठ | १२ डिसेंबर, रात्री ९:००

केवढी माहिती! सगळं बाबांना वाचून दाखवलं. खुद्रीचं ऐकून ते म्हणाले, लहानपणी नदीवर पोहायला जायचो तेव्हा पायाला मासे लागायचे. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पिसारा, पाठीवरची पिसं मिळवली. मोडण्याचं प्रमाण कमी झालं पण थांबलं नाही. सुटण्याचा प्रश्न तसाच.

---

वाघजाई | १४ डिसेंबर, सकाळी ६:५५

नवीन आहे इथे, मुळशीकडे राहते. आमच्याकडे ओढ्याला उंबर आहेत, पिकून पाण्यात पडले की महाशीर आणि इतर मासे वर येऊन गिळतात, हे लहानपणापासून बघितलंय. माझ्या भावाने त्यावरून उंबराची 'माशी' केलीये. फोमचा गोळा कापून गळावर चिकटवायचा, वरून विटकरी लोकर दोऱ्याने गच्च बांधून कात्रीने गोल कापायची. ती किडा नाही, फळ आहे. त्याला माशी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण टाकताना अलगद ठेवायची नाही, 'टप्' असा आवाज व्हायला हवा, उंबर पडल्यासारखा. आवाजावरच मासा वळतो.

---

तीर्थन_वेडा | १४ डिसेंबर, सकाळी ७:३०

वाघजाईताई, हा आतापर्यंतचा सगळ्यात भारी प्रतिसाद! कुठल्याही व्हिडिओत हे मिळणार नाही. भावाला विचारा ना, फोम तरंगता ठेवतात की अर्धवट बुडता?

---

वाघजाई | १४ डिसेंबर, रात्री ८:२०

अर्धा बुडता. पिकलेलं उंबर आधी पूर्ण तरंगत नाही म्हणे, अर्धं पाण्याखाली असतं. म्हणून तो खालच्या बाजूला तांब्याच्या तारेचे चार वेढे देतो.

---

निवांत | १४ डिसेंबर, रात्री ८:४५

उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, इथे उंबराची माशी दिसली!

---

कातळ | १६ डिसेंबर, रात्री १०:३०

धागा उंबरावर गेला (छानच गेला), पण मुठाकाठ यांचा मूळ प्रश्न राहून जातोय. मला वाटतं दोन वेगळे घोटाळे आहेत.

पहिला, मोडण्याचा. पिसारा यांनी थंडीची कोरडी हवा लॅकरला चांगली म्हटलंय, ते खरं, पण तीच हवा पिसाला वाईट. कणा वाळून कडक होतो. बांधायच्या आधी पीस दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपून घ्या, मग गुंडाळा. शिवाय बुडाचा जाड, लवदार भाग ओढून काढून टाका.

दुसरा, सुटण्याचा. तुम्ही तार कुठल्या दिशेने मारता? पीस ज्या दिशेने गुंडाळलं त्याच दिशेने मारत असाल तर ती पिसाच्या दोन वेढ्यांमधल्या खोबणीत जाऊन बसते, कण्याला धरतच नाही. तार उलट्या दिशेने आणायची, म्हणजे प्रत्येक वेढ्याला ती कण्याला ओलांडून जाते आणि जागच्या जागी दाबते.

अजून पक्कं हवं असेल तर पीस मागून पुढे आणूच नका. पुढे, गळाच्या डोळ्याच्या (दोरी ओवायच्या भोकाच्या) मागे बांधा, वेटोळं घालत शेपटाकडे न्या, शेपटाशी तार आधीच बांधून ठेवलेली असते तिने पिसाचं टोक दोन वेढ्यांत पकडा, आणि तीच तार पिसातून नागमोडी हलवत पुढे आणा, म्हणजे तंतू खाली चेपत नाहीत. मग एका ठिकाणी माशाच्या दाताने कणा तुटला तरी बाकीचं पीस सुटत नाही.

आणि डोळ्यामागे जागा सोडा. नवीन माणूस नेहमी पुढे गर्दी करतो, मग शेवटची गाठ बसायला जागाच नसते.

---

पिसारा | १६ डिसेंबर, रात्री १०:५०

कातळ, बरोबर. उलटी तार सुचायला हवी होती मला, तारेची दिशा विचारलीच नाही मी. आणि हो, कोरड्या हवेचं पटलं.

---

देशावरचा | १७ डिसेंबर, सकाळी ७:००

म्हणजे लॅकरला कोरडी हवा हवी, पिसाला ओली. तरी मी पावसाळ्याचंच म्हणणं सोडत नाही :)

---

मुठाकाठ | १९ जानेवारी, रात्री ८:१५

महिन्याने येतोय, क्षमस्व. घरात लगीनघाई होती.

कातळ, तुमचं तंतोतंत होतं. आम्ही तार पिसाच्याच दिशेने मारत होतो. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवला तर लगेच म्हणाले, "अरे, बटणाला दोऱ्याची मान करतो तेव्हा आधी दोरा भोवती फिरवतो आणि मग आडवा मारतो, आडवा टाका नसेल तर बटण लोंबतंच." म्हणजे हे त्यांना साठ वर्षं माहीत होतं, मी दिशा दाखवली नव्हती एवढंच. आणखी एक त्यांनी केलं, बांधायच्या आधी दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घेतात, शिवणकामात करायचे तसं. दोरा घसरत नाही, बोटांना चिकटून राहतो, आणि कमी वेढ्यांत घट्ट बसतो. त्यामुळे आमच्या माश्यांची डोकी आता लहान आणि नीट येतात.

काल मावळात ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेततळ्यावर गेलो, त्याला विचारून. उन्हं चढेपर्यंत काहीच नाही, पाणी गार होतं. साडेदहानंतर चिलापी यायला लागली. एकाच माशीवर अकरा. अकरावी सोडल्यावर माशी हातावर घेऊन बघितली, शेपटीचं मॅराबू अर्धं गेलंय, शेनील पिंजलंय, पण पीस जागेवर आहे, एक वेढा हललेला नाही.

घरी आणून बाबांना दिली. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी उजेडात नेऊन उलटसुलट बघितली आणि त्यांच्या सुयांच्या गादीला टोचून ठेवलीये.

---

सदाशिव | १९ जानेवारी, रात्री ९:००

याचा फोटो तरी टाकाच.

---

वाघजाई | १९ जानेवारी, रात्री ९:४०

फार छान वाटलं वाचून. भाऊ विचारतोय, मेण मधमाशीचं की मेणबत्तीचं?

---

मुठाकाठ | १९ जानेवारी, रात्री १०:०५

मधमाशीचं. मेणबत्तीचं भुगा होऊन गळतं असं बाबा म्हणतात. त्यांच्याकडे दुकानातली जुनी वडी आहे, दोऱ्याच्या खाचा पडून पार कंगव्यासारखी झालीये. भावाला हवं असेल तर अर्धी कापून देतो म्हणालेत, उंबराच्या माशीच्या बदल्यात.

---

वाघजाई | १९ जानेवारी, रात्री १०:१२

रविवारी येतो म्हणतोय. पत्ता व्यनि करा.